नववं खोड कापल्याची हकिगत

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या गावातल्या अक्कांनी नवव्या केळीचा घड उतरवला आणि खोड कापलं. त्या खोडाला दोन वायरी लावलेल्या होत्या. वायरींची दुसरी टोकं एका पत्र्याच्या पेटीत होती आणि पेटीत एक लहान संगणक होता. उद्घाटन साडेनऊला होतं. पाहुणे जळगावहून निघाले होते.

गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या अंगाला आहे. गावाचं नाव इथे देत नाही, माणसांचीही देत नाही, कारण यातल्या बहुतेकांची रोज गाठ पडते. मी जळगावच्या एका दैनिकात बावीस वर्षं जिल्हा पानावर काम केलं आणि मग गावी परतलो. वही जवळ ठेवायची आणि वेळ टिपायची सवय सुटली नाही. पुढे लिहिलेलं बरंचसं त्या वहीतलं आहे. जे मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं, तिथे तसं म्हटलं आहे.

अक्कांनी साठी ओलांडली आहे. तीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या केळीत मजुरीला गेल्या. बुंध्याशी फुटणारी पिलं काढणं, वाळकी पानं छाटणं, घड झाकणं, कापणीला हात लावणं, सगळं केलं. नवरा गेल्यावर त्यांच्या नावावर दोन गुंठे राहिले, मराठी शाळेच्या भिंतीला लागून. तिथे त्या मेथी लावायच्या, वांगी लावायच्या. केळी कधी लावली नाही. दोन गुंठ्यांत केळी लावणाऱ्याला आमच्याकडे लोक हसतात.

खोड कापलं त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात पुण्याच्या एका संस्थेची माणसं गावात आली. दोघं होती. एक चित्रकार बाई, पन्नाशीच्या आसपास, त्यांना सगळे ताई म्हणू लागले. दुसरे इंजिनिअर, धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात शिकवणारे, मूळचे साक्री तालुक्यातले. ग्रामसभेत त्यांनी कल्पना सांगितली. झाडाच्या अंगात अगदी कमी दाबाची वीज असते. पाणी दिलं, ऊन वाढलं, वारा सुटला, कोणी हात लावला, की ती कमीजास्त होते. दोन बारीक सुया खोडात बसवल्या तर संगणकाला ती मोजता येते. प्रत्येक झाडाला गावातल्या एका घराने एक आवाज द्यायचा. झाडाच्या अंगातली वीज बदलली की तो आवाज वर-खाली होणार, हळू किंवा जलद होणार. बारा झाडं, बारा घरं, शाळेच्या भिंतीवर एक भोंगा.

ग्रामसभेत पहिला प्रश्न सरपंचांनी विचारला. त्यांना गाव नाना म्हणतं. भोंगा रात्री बंद राहील का, एवढंच त्यांना हवं होतं. राहील, असं उत्तर मिळालं. दुसरा प्रश्न जागेचा होता. ग्रामपंचायतीची मोकळी जागा पाण्यापासून लांब होती. अक्का मागे बसल्या होत्या. माझी जागा घ्या, म्हणाल्या. पण केळी मी लावीन, मीच सांभाळीन, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. हे मी स्वतः ऐकलं.

जूनच्या शेवटी टिश्यू कल्चरची बारा रोपं लागली. तीन ओळी, ओळीला चार. नळी ठिबकची, पेटीला वीज छोट्या सौर पॅनेलवरून, कारण शेतीची वीज पाळीने येते. आवाज गोळा करायला इंजिनिअर दसरा ते दिवाळी दर रविवारी यायचे. एका घराने लाकडी बडगीत भाजलेली वांगी ठेचल्याचा आवाज दिला. भरीत करताना होतो तो, अर्धा ओला, अर्धा लाकडाचा. एकाने दुकानाचं शटर वर करतानाचा दिला, तो चौथ्या झाडाला गेला. शाळेने घंटा दिली. ठिबकच्या नळीतून पाण्याआधी हवा सुटते, तिचा आवाज सातव्या झाडाला गेला. अक्कांनी दगडावर विळ्याला धार लावली आणि तो आवाज नवव्या झाडाला दिला.

इंजिनिअर आणि अक्का यांची पहिल्या दिवसापासून जुंपायची. ते कपाशीच्या मुलखातले, त्यांना केळीतलं काही कळत नाही, असं अक्का तोंडावर म्हणायच्या. तुमची झाडं दरसाल उपटून टाकायची, तुम्हाला काय माया. ते अहिराणीत उत्तर द्यायचे, "अक्का, आमनी कपाशीले कोनी वायर तरी लावत नही." मग अक्का त्यांना भाकरी वाढायच्या. पेटी उघडून तपासल्यावर ते नेहमी एकच वाक्य म्हणायचे, बठ्ठं नीट शे, म्हणजे सगळं नीट आहे. ते वाक्य गावातल्या लहान मुलांच्या तोंडी बसलं.

डिसेंबरात करारनामा आला. पाच पानी होता. अक्कांच्या घराच्या ओट्यावर मी तो वाचून दाखवला. नाना होते, शेजारच्या दोन बाया होत्या. सातवं कलम असं होतं: उद्घाटनापासून सहा महिने मांडणीतील झाडे, तारा व यंत्रे आहेत त्याच स्थितीत ठेवावीत, सहा महिने पूर्ण झाल्यावर सर्व यंत्रसामग्री ग्रामपंचायतीच्या मालकीची होईल. त्याच्या उलट झाल्यास संस्था सामग्री परत नेऊ शकेल.

मी ते वाचलं आणि पुढे गेलो. ओट्यावरच्या एकालाही त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. केळीच्या बागेत सहा महिने काही बदलू नये असं कोणी खरोखर म्हणेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. झाडांची काळजी घ्या, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतला. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचा मजकूर ओळ न ओळ तपासत होतो. ती ओळ मी तपासली नाही. अक्कांनी सही केली.

जानेवारीत सुया बसल्या. पहिल्या दिवशी सकाळी भोंग्यातून शाळेची घंटा अशी आली की मुलं वर्गाबाहेर पडली. पुढे आवाज कमी केला. दुपारी उन्हात सगळी झाडं मंद व्हायची. ठिबक सुरू केलं की वीस-पंचवीस मिनिटांनी एकेक झाड उठायचं. संध्याकाळी बाया तिथे येऊन बसू लागल्या. प्रत्येकीचा कान आपापल्या झाडाकडे असायचा. बडगीवाल्या घरच्या बाई एकदा म्हणाल्या की आज आपली वांगी कच्चीच ठेचली जातायत, पाणी कमी पडलंय. तपासलं तर त्या झाडाची नळी मातीने बुजली होती.

अक्का दिवसातून दोनदा ओळींमधून फिरायच्या, पण आवाज सुरू झाल्यापासून त्यांची फिरायची रीत बदलली, हे मी पाहिलं. आधी त्या झाडापाशी जाऊन थांबायच्या. आता बागेशेजारच्या आपल्या ओट्यावर बसून ऐकायच्या आणि मग नेमक्या एखाद्याच झाडाकडे जायच्या. त्यांनी मला एकदा सांगितलं की तीस वर्षं ज्यांच्या बागा सांभाळल्या त्यांनी त्यांना झाडाबद्दल कधी काही विचारलं नाही. या बारा झाडांबद्दल मात्र पुण्याहून फोन येतो. पेटी इथेच राहिली पाहिजे, असं त्या त्याच दिवशी पहिल्यांदा बोलल्या. पुढच्या वर्षी आणखी घरं आवाज देणार आहेत, याद्या झाल्यात, म्हणाल्या. याद्या खरंच झाल्या होत्या. शाळेच्या पाटीवर खडूने सोळा घरांची नावं होती.

नववी केळ सगळ्यांच्या आधी निसवली, म्हणजे तिचा घड बाहेर पडला. डिसेंबरअखेर. बाकीच्या जानेवारी-फेब्रुवारीत. मार्चमध्ये ताई आल्या तेव्हा घड लोंबत होते. त्यांनी बरेच फोटो काढले. त्यातला नवव्या केळीचा फोटो निमंत्रणपत्रिकेवर आला. त्याच भेटीत त्यांनी ओट्यावर बसून विचारलं की पुढच्या वर्षी याच झाडाला किती घड येतील.

नाना खोकले. मग इंजिनिअरच म्हणाले की बहुतेक याला पुन्हा येत नाही. ते कपाशीच्या मुलखातले असूनही तोवर शिकले होते. अक्कांनी ताईंना नवव्या केळीपाशी नेलं आणि बुंध्याशी उगवलेलं पिलू दाखवलं. केळ एकदाच विते, म्हणजे तिला घड एकदाच येतो. घड उतरवला की खोड कापायचं, त्याचा रस खाली कंदात जातो, पिलू त्यावर मोठं होतं आणि पुढचा घड पिलाला येतो. एरवी बागेत सगळी पिलं छाटतात आणि शेवटी एकच ठेवतात. अक्कांनी प्रत्येक खोडाशी पूर्वेकडचं एक पिलू ठेवलं होतं. संस्थेच्या नकाशात पिलं नव्हती.

ताईंनी ते नीट ऐकून घेतलं. त्यांची बाजू मी इथे देतो, कारण ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. त्यांना एकाच झाडाची सहा महिन्यांची अखंड नोंद हवी होती. झाड म्हातारं होताना, वाळताना त्याचा आवाज कसा होतो, हेच त्यांच्या कामाचं मर्म होतं. घड झाडावरच पिकला, फुटला, गळून पडला, तरी चालेल, तेही कामाचाच भाग आहे, असं त्या म्हणाल्या. ज्यांनी या कामाला पैसे दिले त्यांनी हेच वाचून मान्यता दिली होती. मध्येच झाड बदललं तर नोंद तुटते.

अक्कांनी त्यावर एवढंच सांगितलं की पिकलेला घड झाडावर ठेवणारी बाई गावात तोंड दाखवू शकत नाही. शिवाय मे महिन्यात वावटळी येतात. तयार घडाचं ओझं असलेलं खोड वाऱ्याने मुळासकट उलटतं आणि पिलूही घेऊन जातं. आणि आईच्या सावलीत राहिलेलं पिलू बारीक राहतं. ताई म्हणाल्या, आपण बोलू. त्या गेल्या. त्यानंतर आलेल्या फोनवर सातव्या कलमाचा उल्लेख होता. मी करारनामा काढून कलम पुन्हा वाचलं. त्या संध्याकाळी अक्कांकडे जाऊन मी सांगितलं की मी तेव्हा याचा अर्थ सांगायला हवा होता. त्या वाल सोलत होत्या. तुम्ही पेपरवाले, म्हणाल्या, तुमचं लक्ष वरच्या ओळीवर.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नवव्या केळीच्या फळांच्या धारा गेल्या. कच्च्या केळ्याला कडा असतात. तयार झालं की ते गोल होतं. अक्का रोज सकाळी मधल्या फणीवरून अंगठा फिरवायच्या. उद्घाटनाच्या आधीच्या बुधवारी त्यांनी नानांना सांगितलं की शनिवारी सकाळी घड उतरेल. नाना घाबरले. त्यांनी दोन बाजू मांडल्या. एक, पाहुणे मोठे आहेत. दोन, पेटी जाईल. दोन दिवस थांबा, उद्घाटन होऊ द्या, मग गुपचूप कापू, म्हणाले. अक्कांना गुपचूप हा शब्द आवडला नाही. माझ्या जागेतली केळ मी चोरासारखी कापू का, असं त्या म्हणाल्याचं नानांनीच मला सांगितलं. तेव्हा मी तिथे नव्हतो.

गुरुवारी ताईंचा फोन आला. नाना आधीच त्यांच्याशी बोलले होते. ताईंनी मधला मार्ग सुचवला. घड राहू द्या. आणि झाड मंद झालंय म्हणता, तर उद्घाटनापुरता नवव्या झाडाचा फेब्रुवारीतला साठवलेला आवाज वाजवू, तो छान होता. खोड तयार घडाच्या वेळी खरंच मंद झालं होतं. विळ्याचा आवाज दिवसातून एकदा-दोनदा यायचा, तोही घरंगळल्यासारखा. फोन स्पीकरवर होता. ओट्यावर सात-आठ जणं होती. अक्का फोनच्या जवळ सरकल्या.

"मेलेल्या खोडाचा आवाज लोकाले ऐकवाचा नही," त्या म्हणाल्या. "जे हाये ते ऐकवा. काही नसलं तं काही नही ऐकवा."

ताई म्हणाल्या की त्या शुक्रवारी जळगावात पोचतील आणि शनिवारी सकाळी लवकर येतील.

शनिवारी त्या साडेसहाला आल्या. इंजिनिअर आदल्या रात्री धुळ्याहून येऊन नानांकडे मुक्कामाला होते. अक्का बागेत उभ्या होत्या, जुन्या चिकाच्या डागांचं लुगडं नेसून, ते आमच्याकडे कापणीलाच नेसतात. हातात विळा होता. शाळेच्या भिंतीशी तीस-चाळीस माणसं जमली होती. मंडप घातलेला होता, खुर्च्या मांडायच्या होत्या.

केळ कापायला दोन माणसं लागतात. एक खोडाला मधोमध विळा घालतो, खोड घडाच्या वजनाने हळूहळू वाकतं, दुसरा खाली खांदा देऊन घड झेलतो. घड जमिनीला लागता कामा नये. अक्कांनी खांदा देणाऱ्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. नानांनी सकाळीच सगळ्यांना थोपवलं होतं, पेटी जाईल, कोणी पुढे व्हायचं नाही म्हणून. कापणीची टोळी चालवणारे दोघं तिथेच उभे होते. ते जमिनीकडे पाहत होते.

मी गेलो. कापणीच्या कामाचा माझा सराव नाही. वाळक्या पानांची चुंबळ अक्कांनी माझ्या खांद्यावर ठेवली आणि पाय कुठे रोवायचे ते दाखवलं.

ताई पुढे आल्या आणि त्यांनी खोडाला हात टेकला. सुयांच्या जरा वर. भोंग्यातून लगेच विळ्याचा एक लांब आवाज आला, कारण झाडाला हात लागला की तसं होतं. सगळ्यांनी तो ऐकला. ताईंनी हात काढला नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या की तुम्ही हे कापलंत तर मला इथलं सगळं परत न्यावं लागेल, माझ्या हातात राहणार नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

"बाजूले व्हा ताई," अक्का म्हणाल्या. "चीक लागीन. निंघत नही तो."

ताई दोन पावलं मागे झाल्या. अक्कांनी विळा घातला. खोड वाकलं, घड माझ्या खांद्यावर आला आणि मी गुडघ्यात बसलो. टोळीतला एक जण तेव्हा पुढे आला आणि त्याने दुसऱ्या बाजूने घड धरला. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. भोंग्यातला नववा आवाज थांबला. बाकीचे अकरा चालू होते.

इंजिनिअर पेटीपाशी बसले होते. ताईंनी त्यांना काही सांगितलं नाही, नको असंही म्हटलं नाही. अक्का त्यांना म्हणाल्या की आता सुया पिलाला लावा. ते म्हणाले, अक्का, नोंद नव्या झाडाची होईल. तेव्हा अक्कांनी विळ्याच्या टोकाने बुंध्याजवळची माती उकरली. कापलेलं खोड आणि पिलू एकाच कंदातून निघालेलं दिसत होतं. "नवं कुठी? खाली कंद त्योच हाये," त्या म्हणाल्या. ताई वाकून पाहत होत्या. त्यांनी त्याचा फोटो काढला.

आठ वाजेपर्यंत पिलाला सुया बसल्या. पिलू कमरेएवढं होतं. इंजिनिअरांनी सांगितलं की सुई टोचल्याची जखम शांत व्हायला तास-दोन तास लागतात, तोवर संगणकाला काही कळणार नाही. कदाचित आज दिवसभर काहीच येणार नाही.

पाहुणे नऊ चाळीसला आले. नानांनी स्वागत केलं. पाहुण्यांनी निमंत्रणपत्रिका हातात धरून नवव्या केळीकडे पाहिलं आणि फोटोतला घड कुठे आहे असं विचारलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. अक्का खुर्च्यांच्या मागे उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी सांगितलं की उतरवला, तयार झाला होता. पाहुणे जिल्ह्यातले होते, त्यांना यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. ते बसले.

माझ्या वहीत पुढची वेळ दहा वाजून चार मिनिटं अशी आहे. पाहुण्यांचं भाषण चालू होतं. भोंग्यातून विळ्याचा आवाज आला. तो आधीपेक्षा बारीक होता आणि दुप्पट जलद, जणू कोणी लहान विळा घाईघाईने दगडावर घासत होतं. आवाज तीनदा आला आणि थांबला. पाहुणे बोलायचे थांबले. मागच्या रांगेतल्या बाया हसल्या. बडगीवाल्या बाई अक्कांना म्हणाल्या की तुझं पोर तोंडाळ निघालं. अक्का हसल्या नाहीत. त्या ठिबकची चावी सोडायला गेल्या.

ताई कार्यक्रम संपेपर्यंत थांबल्या. जेवल्या. निघताना त्यांनी अक्कांचा हात हातात घेतला आणि काही बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि अक्कांना मी विचारलं नाही.

मंगळवारी संस्थेचं पत्र आलं. सातव्या कलमाचा भंग झाला आहे. पंधरा दिवसांत सर्व यंत्रसामग्री बांधून पुण्याला पाठवावी. बागेपाशी लावलेल्या फलकावरचं संस्थेचं नाव काढावं. पत्रावर ताईंची सही नव्हती.

फलकावरचं नाव दुसऱ्याच दिवशी पुसलं गेलं. रंगारी गावातलाच होता. त्याने पांढरा पट्टा ओढला आणि खाली काय लिहायचं असं विचारलं. काही लिहू नको, असं अक्कांनी सांगितलं. तो पट्टा तसाच आहे.

पेटीबद्दल मेच्या दुसऱ्या रविवारी ग्रामसभा झाली. एरवी बाया मागे बसतात. त्या दिवशी ज्या बारा घरांनी आवाज दिले होते त्यांतल्या बाया पुढच्या दोन ओळींत होत्या. शिवाय पाटीवरच्या सोळा घरांतल्याही. नानांचं म्हणणं होतं की करारावर सही आहे, पेटी पाठवून द्यावी, मनाला लावून घेऊ नये. कोणीतरी मागून म्हणालं की नानांनी केळी लावायच्या ऐवजी नेहमी सह्याच लावल्या. लोक हसले. नानाही हसले. मग बडगीवाल्या बाई उभ्या राहिल्या. पेटी त्यांची, हे मान्य, म्हणाल्या. पण तिच्यात आमच्या घरचे आवाज आहेत. आमच्या वांग्याचा आवाज पुण्याला कोणत्या कागदाने गेला, ते दाखवा. करारनामा मी पुन्हा वाचला, या वेळी प्रत्येक ओळ. आवाजांबद्दल त्यात एकही शब्द नव्हता. मी तसं सांगितलं.

ठराव झाला. पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी मसुदा घेऊन मी अक्कांच्या ओट्यावर गेलो. सुरुवात अशी होती: आपल्या कामात अडथळा आला याबद्दल ग्रामस्थ दिलगीर आहेत.

"दिलगीर कसाले, भाऊ?" अक्का म्हणाल्या. "कोन मेलं?"

मी ती ओळ काढली. उरलेलं पत्र असं होतं. केळ कापली, कारण घड तयार होता. आवाज बंद पडलेला नाही. पुढची अकरा खोडं घड तयार होतील तशी कापली जातील आणि वायरी पिलांना लावल्या जातील. पेटी संस्थेची आहे. ती बांधून पाठवली जाणार नाही. संस्थेला ती न्यायची असेल तर प्रतिनिधीने गावात यावं, ज्या घरांनी आवाज दिले त्यांच्यासमोर पेटी उघडावी, आवाज ज्याचे त्याला परत करावेत आणि मग पेटी न्यावी. येण्याचा दिवस आधी कळवावा, म्हणजे जेवणाची सोय करता येईल.

शेवटची ओळ अक्कांनी घालायला सांगितली. पत्रावर नानांची सही आहे आणि अठ्ठावीस घरांच्या सह्या आहेत. पत्र रजिस्टरने गेलं. आठवड्याने पोचपावती आली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वादळ झालं. आजूबाजूच्या शिवारात केळी आडव्या झाल्या, त्याच्या बातम्या आल्या. अक्कांच्या दोन गुंठ्यांत तोवर पाच घड उतरले होते. उभ्या खोडांपैकी दोन पडली, चौथं आणि अकरावं. चौथ्याने आपलं पिलूही उलटवलं. अक्कांनी ते पुन्हा मातीत दाबलं आणि काठी लावली. ते जगलं. त्या दिवशी शटरचा आवाज सकाळपासून बंद होता. पिलाला सुया लावल्यावर तो चौथ्या दिवशी आला.

इंजिनिअर दर दोन आठवड्यांनी धुळ्याहून येत होते. संस्थेशी त्यांचं काय ठरलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की मी सुट्टीत पाव्हना म्हणून येतो, हे लिहून घ्या. मी लिहून घेतलं. सुया कशा काढायच्या, स्पिरिटने कशा पुसायच्या, पिलाच्या कितव्या थरात किती आत घालायच्या, हे त्यांनी अक्कांना आणि आणखी तीन बायांना शिकवलं. सातव्या खोडापासून पुढचं काम बायांनीच केलं. दहाव्याच्या वेळी सुई तिरकी गेली आणि दोन दिवस नुसती खरखर आली. तिसऱ्या दिवशी अक्कांनी ती काढून पुन्हा बसवली.

जूनमध्ये ताईंचा मला एक मेसेज आला. नवव्या पिलाची नोंद पाठवता येईल का, असं त्यात होतं. संस्थेचा उल्लेख नव्हता. मी तो अक्कांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं की नोंद पाठवली तर आपल्याकडे उरते का. उरते, असं मी सांगितलं. मग पाठवा म्हणाल्या. ती नोंद इंजिनिअरांनी पाठवली.

जूनअखेर बाराही मूळ खोडं कापून झाली होती. बाराही पिलांना सुया लावलेल्या होत्या. संस्थेकडून पेटी न्यायला तोवर कोणी आलं नव्हतं आणि पत्राचं उत्तरही आलेलं नव्हतं.